समुद्राला मिळणारे पाणी

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरणाऱ्या प्रवाशाला कणकुंबी हे गाव माहीत असते ते पावसासाठी आणि धुक्यासाठी. तेथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. पूर्वेकडे वळून ती सौंदत्तीवरून जाते, पुढे कुडलसंगमास कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागरात विलीन होते. त्याच गावाच्या शिवारात कळसा नावाचा एक नाला आहे. तो मात्र पश्चिमेचा उतार धरतो, घाट उतरून म्हादईच्या प्रवाहात मिसळतो, आणि म्हादई पुढे मांडवी हे नाव घेऊन पणजीपाशी अरबी समुद्राला भेटते. एकाच ढगातून पडलेल्या दोन सरींमध्ये येथे एखाद्या शेताच्या बांधाइतकेच अंतर असते. परंतु एक सर शेकडो मैल कानडी व तेलुगू मुलखातून फिरून जाते आणि दुसरी घाटाखाली उतरून थोडक्याच काळात खाऱ्या पाण्यात पोचते.

या बांधाएवढ्या अंतरावरून कर्नाटक आणि गोवा ही दोन राज्ये गेली साडेतीन दशके भांडत आली आहेत, आणि महाराष्ट्रही आपल्या लहानशा वाट्यासाठी त्यात सामील आहे. या भांडणाची बातमी वाचली नाही असा आमचा वाचक विरळा. परंतु बातमी वाचणे निराळे आणि प्रश्न समजून घेणे निराळे. आम्हांस येथे कोणाचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही. आमचा एक वाचक खानापुरात राहतो, दुसरा धारवाडास, तिसरा वाळपईला आणि चौथा पणजीत. यांपैकी कोणाच्या घशाला पडलेली कोरड आम्ही परकी मानावी? ज्या नियतकालिकाचे घरच सीमेवर उभे आहे त्याला एका बाजूची घोषणा करून मोकळे होण्याची सोय नसते. ही अडचण आम्हांस कधी कधी जाचते; परंतु या प्रश्नापुरती ती उपकारकच ठरेल असे वाटते.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगतो. मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे धरण आहे. त्याची क्षमता सुमारे ३७ अब्ज घनफूट. परंतु ते पूर्ण भरल्याची वर्षे थोडी. त्या धरणाखालच्या नवलगुंद-नरगुंदकडील काळ्या रानाला पाणी पुरत नाही आणि हुबळी-धारवाड या जोडशहरांची तहानही वाढत चालली आहे. म्हणून पश्चिमेकडे उतरणाऱ्या कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी अडवून ते पूर्वेला मलप्रभेत वळवावे, अशी योजना कर्नाटकाने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मांडली. २००२ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ७.५६ अब्ज घनफूट पाणी वळविण्यास तत्त्वतः संमती दिली. गोव्याने हरकत घेताच त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती स्थगित ठेवली. २००६ साली कणकुंबीस काम सुरू झाले आणि गोवा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती पांचाळ यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला, आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. म्हादईच्या खोऱ्यात चारांपैकी तीन वर्षे खात्रीने मिळेल असे पाणी लवादाने १८८.०६ अब्ज घनफूट धरले. त्यातून कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ असे वाटे घातले. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ हे विजेसाठी, म्हणजे वापरून पुन्हा नदीतच सोडावयाचे. मलप्रभेत वळविण्यासाठी म्हणून दिले ते ३.९, म्हणजे कळशाचे १.७२ व भांडुऱ्याचे २.१८. २०२० च्या फेब्रुवारीत हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. तिन्ही राज्यांपैकी एकाचेही त्याने समाधान झाले नाही आणि तिघेही सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभे राहिले.

एवढे आकडे पुरेत. आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या प्रश्नाकडे वळू. नदी कोणाची, आणि वरच्या गावाने खालच्या गावाला काय देणे लागते?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही आम्हांस सारखीच खोटी वाटतात. पहिले उत्तर वरच्या गावाचे: पाऊस आमच्या डोंगरावर पडला, झरा आमच्या भूमीत फुटला, तेव्हा पाणी आमचे. या मताला जगात मोठे बिरुद मिळाले ते १८९५ साली. रिओ ग्रांदे नदीच्या पाण्यावरून मेक्सिकोने तक्रार केली तेव्हा अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी अभिप्राय दिला की, आपल्या हद्दीतील पाण्यावर आपली सत्ता निरंकुश आहे, शेजाऱ्याला त्यातले काही देण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर नाही. मौज अशी की, हा अभिप्राय हाती असूनही अमेरिकेने १९०६ साली मेक्सिकोशी करार केला आणि दरवर्षी ठरावीक पाणी देण्याचे मान्य केले. हक्क नाही म्हणून सांगितले आणि पाणी मात्र दिले! शेजाऱ्याशी कायमचे राहावयाचे असते तेव्हा निरंकुश सत्तेचे तत्त्व कागदावर शोभते, व्यवहारात टिकत नाही, हे त्यावरून दिसते.

दुसरे उत्तर खालच्या गावाचे: नदी अनादि काळापासून आमच्या अंगणातून वाहत आली आहे, तिचा एक थेंबही कमी होता कामा नये. हे उत्तर पहिल्याच्या अगदी उलट दिसते, परंतु दोघांचे मूळ एकच आहे. वरचा म्हणतो उगम माझा म्हणून नदी माझी. खालचा म्हणतो मुख माझे म्हणून नदी माझी. दोघेही नदीला सातबाराच्या उताऱ्यावर चढवू पाहतात. कावेरीच्या वादात १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, आंतरराज्य नदी ही राष्ट्राची संपत्ती होय, कोणत्याही एका राज्याला तिच्यावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही. न्यायालयाने जे २०१८ साली सांगितले ते आमच्या कुळागरवाल्या पूर्वजांना ठाऊक होते. डोंगरातून येणारा पाट एका कुळागरातून दुसऱ्यात जातो तेव्हा पहिल्या कुळागराचा धनी पाटाचा धनी नसतो; तो फक्त पहिला असतो. पहिला असणे हा योगायोग आहे, तो अधिकार नव्हे. पाण्याची पाळी त्याच्यावरही असते.

खानदेशात पांझरा आणि मोसम यांच्या काठी फड पद्धतीने जी शेती होत आली तिची रीत याहूनही शिकवणारी आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एक पीक. आणि शक्य तेथे प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा निरनिराळ्या फडांत विखुरलेला. पाण्याची पाळी पाटकरी सांभाळणार, त्याला गावाने नेमलेले. पाऊस कमी पडला म्हणजे पंच ठरवीत की अमुक फड यंदा पडीत ठेवावयाचा. त्यामुळे दुष्काळ एकाच्या दारी येत नसे, तो सर्वांच्या दारी थोडा थोडा येई. त्या लोकांनी नीतिशास्त्राचे ग्रंथ वाचले नव्हते. परंतु जमीन विखुरताना त्यांनी अशी व्यवस्था केली की, शेजाऱ्याचे नुकसान हे आपलेही नुकसान व्हावे. राज्याराज्यांच्या वाटाघाटीत नेमकी हीच गोष्ट नसते. धारवाडच्या माणसाचा एकही तुकडा मांडवीच्या खाजणात नाही आणि पणजीच्या माणसाचे एक गुंठा रानही नवलगुंदास नाही. तेव्हा दुसऱ्याच्या हानीची झळ आपल्याला लागावी कशी?

आता एका वाक्याकडे येतो. हे वाक्य सभांतून, अर्जांतून, इतकेच काय, सुशिक्षित मित्रांच्या बैठकीतही आम्ही अनेकदा ऐकले आहे. ते असे: "म्हादईचे पाणी नाहीतरी समुद्रात वाहून वायाच जाते." हे म्हणणे वरवर पाहता बिनतोड दिसते. इकडे माणसे घागरी घेऊन टँकरची वाट पाहत आहेत आणि तिकडे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात ओतले जात आहे. याहून मोठी उधळपट्टी कोणती? ज्याने पाण्याचा हंडा डोक्यावरून वाहिला आहे त्याला हा युक्तिवाद पटतो, आणि त्याला तो पटतो म्हणून आम्ही त्याला हसणार नाही.

परंतु मांडवीच्या काठी जाऊन पाहिले म्हणजे "वाया" या शब्दाचा अर्थ बदलतो. मांडवी खालच्या अंगाला नुसती नदी राहत नाही. ती अर्धी नदी आणि अर्धा समुद्र असते. दिवसातून दोनदा भरती तिच्यातून वर चढते आणि दोनदा ओसरते. उन्हाळ्यात वरून येणारा प्रवाह क्षीण झाला म्हणजे खारट पाणी कित्येक मैल आत येते, पावसाळ्यात लोंढा आला म्हणजे ते पुन्हा समुद्राकडे रेटले जाते. गोडे आणि खारे यांची ही रस्सीखेच गोव्याच्या लोकांनी शतकानुशतके ओळखली आहे आणि तिच्यावर आपला संसार उभारला आहे. खाजण शेती म्हणजे दुसरे काय? भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन मातीचे बांध घालून राखावयाची, बांधात लाकडी दारांची मानस बसवावयाची. ओहोटीला ती आतल्या पाण्याच्या जोराने उघडते, भरतीला बाहेरच्या जोराने मिटते. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतला खार धुऊन नेते, मग त्याच शेतात कोरगुटाचे भात उभे राहते, आणि मानशीपाशी मासळी मिळते ती निराळीच. बांधांची निगा गावकरीकडे. पावसाळा संपला म्हणजे मिठागरे सुरू होतात. वरच्या अंगाला सत्तरीत नदी आटू लागली की तिच्या पात्रालगतच्या गाळात पुरण शेती होते. वायंगणाचे भात पाटाच्या पाण्यावर पोसते. पणजी, फोंडा यांच्या नळांना येणारे पाणीही याच खोऱ्यातल्या खांडेपार नदीवरून, ओप्याहून येते.

तेव्हा समुद्राला मिळण्यापूर्वी या पाण्याने किती कामे केली ते मोजावे. खार धुतला, खारट पाणी थोपवले, गाळ आणून टाकला, मासळीच्या पिल्लांना गोड्या-खाऱ्या पाण्याचे आश्रयस्थान दिले, विहिरींची पातळी राखली. आणि समुद्राला मिळाल्यावरही त्याचे काम संपले नाही. नदीमुखापाशी जो मासा सापडतो तो काय आकाशातून पडतो? हे सारे करून जे पाणी समुद्रात जाते त्याला वाया गेलेले म्हणणे म्हणजे दिवसभर राबून संध्याकाळी घरी निघालेल्या मजुराला रिकामटेकडा म्हणण्यासारखे आहे. ज्या उपयोगाची पावती फाडली जात नाही, ज्यावर पाणीपट्टी बसत नाही, तो उपयोग सरकारी दप्तरात दिसत नाही, एवढेच. गोव्याचे लवादापुढे नुकसान झाले असेल तर ते यामुळेही झाले: १८८ पैकी २४ का, तर मोजता येण्याजोगा वापर आणि आखलेल्या योजना तेवढ्याच दाखविता आल्या. नदी जे फुकट करते ते हिशेबात धरावयाचे कसे, हे अजून कोणत्याही लवादाला नीट साधलेले नाही.

आमचे धारवाडकडील मित्र या ठिकाणी आम्हांस थांबवतील आणि विचारतील, "३.९ म्हणजे १८८ चे शेकडा दोन. शेकडा दोनाने तुमची खाजणे आणि मासळी बुडते काय?" प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. एकंदर मांडवीचा विचार केला तर दोन टक्क्यांनी ती आटणार नाही. आटेल असे जे सभेत सांगतात ते आपल्याच बाजूचे नुकसान करतात. परंतु सरासरीने नदी समजत नाही. १८८ हा आकडा वर्षाचा आहे, आणि त्यातील बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत धो धो वाहून जाते. मार्च-एप्रिलातली नदी ही त्या आकड्याची नदी नव्हेच. दुसरे असे की, दोन टक्के संपूर्ण खोऱ्याचे आहेत, कळशाचे नव्हेत. म्हादईचे खोरे २०३२ चौरस किलोमीटर. पैकी कर्नाटकात ३७५, महाराष्ट्रात ७७, बाकीचे १५८० गोव्यात. ज्या नाल्याचे पाणी वळवावयाचे तो नाला, त्याच्या काठचे जंगल, त्याच्यावर जगणारे वाडे यांच्या दृष्टीने हिशेब शेकडा दोनाचा नसून फार मोठा आहे. भीमगड आणि म्हादई ही दोन अभयारण्ये याच डोंगरात एकमेकांना लागून आहेत. शंभर रुपयांतून दोन रुपये काढणे निराळे आणि शंभर माणसांतून दोन माणसे काढणे निराळे, एवढे तरी आकडे लावणाराने ध्यानात ठेवावे.

इतके वाचून आमचा गोव्यातला वाचक खूश झाला असेल. त्याने जरा थांबावे. ज्या मांडवीला आपण आई म्हणतो तिच्या खोऱ्यात लोहखनिजाच्या खाणींचा गाळ वर्षानुवर्षे उतरत राहिला तेव्हा आपल्यातील कितीजण तिच्यासाठी रस्त्यावर आले? खाजणाचे बांध फुटले ते कर्नाटकाने फोडले नाहीत. गावकरीची शेते पडीत टाकून ती विकण्याच्या गोष्टी ज्यांनी केल्या त्यांचे मूळ गाव बेळगाव नव्हते. शेजारी पाणी मागतो तेव्हाच आपल्याला आई आठवते, एरवी आठवत नाही, हे काही मातृभक्तीचे लक्षण नव्हे. आणि नदी वळविणे हेच पाप आहे असे जर कोणी म्हणत असेल, तर आम्हां मराठी माणसांना कोयनेचा जबाब द्यावा लागेल. कोयना ही पूर्वेला वाहणारी, कृष्णेची लेक. तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीस उतरवून आपण वीज केली आणि ते पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्रात सोडले. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांपर्यंत हे वळविणे मान्य केले. कळसा-भांडुऱ्याच्या कितीतरी पट! त्या विजेवर मुंबईचे दिवे लागले तेव्हा खालच्या कृष्णाकाठाची आठवण आम्हांस झाली होती काय? त्याआधी १९२१ साली मुळशीला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो धरणात बुडणाऱ्या मावळ्यांच्या जमिनींसाठी; त्या पाण्याचीही वीज झाली. तेव्हा हातात तराजू घेताना आपले वजन आधी एका पारड्यात घालावे हे बरे.

मलप्रभेकाठच्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. १९८० च्या जुलैत नरगुंद व नवलगुंद येथे शेतकरी उठले ते याच धरणाखालचे. पाणी पुरेसे मिळाले नाही आणि जमीन सुधारल्याबद्दलची आकारणी मात्र दारात आली. मोर्चे निघाले, गोळीबार झाला, माणसे मेली. ज्याने आश्वासनावर विश्वास ठेवून आपले पीक बदलले आणि मग कालवा कोरडा पाहिला, त्याला मांडवीच्या मासळीचे काव्य ऐकविणे हा निर्दयपणा आहे. परंतु त्याच्या कैवाऱ्यांना आम्ही एक प्रश्न विचारू. "पिण्याचे पाणी" हे शब्द उच्चारले की समोरच्याने गप्प व्हावे अशी त्या शब्दांची शक्ती आहे, आणि ती असावी. तहानेपुढे वाद नाही. पण म्हणूनच ते शब्द जपून वापरावे लागतात. मलप्रभेच्या खोऱ्यात आज असलेले पाणी कोठे जाते, किती उसाला जाते, किती पंपांनी वरच्यावर उपसले जाते, शहरांच्या नळांतून किती गळते, हा हिशेब मांडल्याशिवाय शेजाऱ्याच्या नदीकडे बोट दाखविणे बरोबर नव्हे. माणसाच्या तहानेची आणि उसाच्या तहानेची नोंद एकाच वहीत, एकाच शीर्षकाखाली होऊ लागली म्हणजे पहिलीची पवित्रता दुसरीच्या कामी येते. (महाराष्ट्राने या बाबतीत उपदेश करू नये, हे आम्ही जाणून आहोत.)

म्हणजे आमच्या मते क्रम असा लागतो. प्रथम माणसांची आणि गुराढोरांची तहान, मग ती नदीच्या कोणत्याही उतारावर असो. पाणलोटाची रेघ तहानेला ओलांडता आली पाहिजे. तिच्याच बरोबरीने नदीची स्वतःची निकड, म्हणजे तिने नदी राहण्यापुरते वाहत राहणे. त्यानंतर ज्यांचे जीवन आजच तिच्यावर उभे आहे ते. आणि मग नवी पिके, नवे कारखाने, नव्या वसाहती. हा क्रम आम्ही सुचवितो, पण तो लावणे सोपे नाही हेही सांगतो. कारण पहिल्या दोहोंत कमी-अधिक कोणाला म्हणावयाचे, हे एखाद्या कडक उन्हाळ्यात कणकुंबीस उभे राहून ठरवावे लागेल, आणि तेव्हा आमचा क्रम आमच्याच हातात थरथरेल.

वाटाघाटींविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्या घटनेत पाणी राज्यांच्या यादीत आहे, आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या यादीत. तंट्यांसाठी अनुच्छेद २६२ आहे. १९५६ साली संसदेने दोन कायदे केले. एक तंटे सोडविण्याचा, दुसरा नदी मंडळे स्थापून तंटे उद्भवूच न देण्याचा. पहिल्या कायद्याखाली लवादांवर लवाद बसले. दुसऱ्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. भांडणाची सोय आपण मनापासून वापरली आणि सहवासाची सोय फडताळात ठेवली. लवादापुढे गेलेल्या पक्षाला आपली गरज फुगवून सांगावी लागते, शेजाऱ्याची कमी करून सांगावी लागते; पाऊस मोजतानासुद्धा प्रत्येकाचे अभियंते निराळे उत्तर काढतात. वकिलांचा यात दोष नाही, त्या दालनाची भाषाच तशी आहे.

तरीही बोलणी कधी साधतच नाहीत असे नाही. तिळारीचे उदाहरण आमच्या दाराशी आहे. सह्याद्रीतून उतरून गोव्यात येणाऱ्या या नदीवर महाराष्ट्र आणि गोवा यांनी १९९० साली करार करून एकत्र प्रकल्प हाती घेतला. धरण महाराष्ट्राच्या हद्दीत, पाण्याचा मोठा लाभ गोव्याला, म्हणून खर्चाचा मोठा वाटाही गोव्याचा, सुमारे ७३ टक्के. दिरंगाई झाली, विस्थापितांचे हाल झाले, कालवे फुटले. पण शेजाऱ्याला न्यायालयात खेचावे लागले नाही. नर्मदेच्या बाबतीत लवादाने १९७९ साली २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याचे वाटे घातले त्यात मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, महाराष्ट्राला ०.२५, आणि ज्याच्या भूमीला नर्मदेचा स्पर्शही नाही त्या राजस्थानला ०.५ मिळाले. शेवटचे दोन आकडे मुख्यमंत्र्यांनी १९७४ साली आपसांत बसून ठरविलेले होते. कोरड्या राजस्थानची निकड चार राज्यांनी मान्य केली, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. परंतु त्याच नर्मदेने महाराष्ट्रातील सातपुड्याची आदिवासी गावे पोटात घेतली. वाटाघाटीच्या मेजाभोवती राज्ये होती, ती गावे नव्हती. इंदूरचे आमचे वाचक १९७८ पासून जलूदहून चढविलेले नर्मदेचे पाणी पितात, वडोद्याचे महीचे, हैदराबादचे कृष्णा-गोदावरीचे. दुसऱ्या कोणाच्या काठावरून आलेले पाणी प्यावे लागत नाही असा आपल्यापैकी आता कोण उरला आहे?

म्हादईच्या प्रकरणातही एक क्षण असा आला होता. २०१७ च्या डिसेंबरात गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी पत्राने कळविले की, माणुसकीच्या दृष्टीने पिण्यापुरत्या वाजवी पाण्यास गोवा विरोध करणार नाही, त्याविषयी बोलणी करता येतील. शब्द आम्हांस तेव्हाही योग्य वाटले, आजही वाटतात. पण पत्र गेले कर्नाटकातील विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला, त्या राज्याच्या मुख्यमंत्र्याला नव्हे. आणि निवडणूक पाच महिन्यांवर आली होती. कर्नाटकात त्याचा राजकीय अर्थ लावला गेला, गोव्यात त्याला फितुरी म्हटले गेले. जे बोलणे एका सरकारने दुसऱ्या सरकारशी उजळ माथ्याने करावयास हवे ते पक्षाच्या दारातून गेले की, त्यातला चांगुलपणाही संशयास्पद होतो. पुन्हा तेच शब्द योग्य पत्त्यावर लिहिण्याचे धैर्य त्यानंतर कोणी दाखविले, असे आमच्या पाहण्यात नाही.

२०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारलेल्या आराखड्याला मान्यता दिली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने 'प्रवाह' नावाचे प्राधिकरण पणजीस स्थापण्यास संमती दिली. नाव सुरेख आहे. या प्राधिकरणाने आणखी काही न करता पहिली पाच वर्षे जर एवढेच केले की, कणकुंबी, भांडुरा, विर्डी आणि गांजे येथे तिन्ही राज्यांचे अभियंते एकाच मोजपट्टीने, एकाच वहीत, रोजचे पाणी उतरवून घेत आहेत, आणि ती वही कोणाही शेतकऱ्याला उघडून पाहता येते, तर आमच्या मते पुष्कळ झाले. आकड्यांवर विश्वास नसल्यामुळे जे भांडण होते त्यातील किती खरे आणि किती खोटे, ते तरी कळेल.

कणकुंबीस मलप्रभेकडे खोदलेला तो कालवा आम्ही रस्त्याच्या कडेने पाहिला आहे. २०१४ साली लवादाने तो कळशापासून तोडून, बुजवून टाकण्यास सांगितले होते. त्या परिसरातील गावांत मराठी बोलली जाते. त्यांच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, आणि त्यांच्या डोंगरावर पडलेले पाणी पश्चिमेला जावे की पूर्वेला, यावर त्यांच्या डोक्यावरून दोन राजधान्या वाद घालीत आल्या आहेत. कोणत्याही पक्षाच्या कैफियतीत त्यांचे म्हणणे वेगळे असे आम्हांस आढळले नाही. आमचा अंक कणकुंबी, पारवाड, चोर्ले या बाजूस कोठे पोचत असेल तर तेथील वाचकांनी आपल्या नाल्यांत आणि विहिरींत गेल्या वीस वर्षांत काय फरक पडला ते आम्हांस लिहून कळवावे. मराठीत लिहावे, कोंकणीत लिहावे, जसे येईल तसे. आम्ही ते पुढील अंकात छापू.